खुर्चीतली बैठक मोडायची कशी? नाशिकच्या ऑफिसांत बसून काम करणाऱ्यांसाठी

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सहाला फेऱ्या मारणाऱ्यांत बँकेतले, कलेक्टर ऑफिसमधले, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत अकाउंट्स-परचेस बघणारे खूप जण असतात. पाऊण तास चालून घामाघूम होऊन घरी जातात, आंघोळ-नाश्ता उरकतात आणि मग संध्याकाळपर्यंत खुर्ची. यांतलेच बरेच जण फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, मी तर रोज चालतो, मग कंबर का धरते?" किंवा, "चालणं कधी चुकवलं नाही, तरी साखर बॉर्डरवर कशी आली?"

चालणं सोडू नका, ते हवंच. पण सकाळचा पाऊण तास आणि दिवसभराची बैठक हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि एकातली जमा दुसऱ्यात आपोआप वळती होत नाही. हा लेख दुसऱ्या हिशेबाबद्दल आहे. त्यातही माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. दिवसात एकूण किती तास बसता, हे नंतर बघू. आधी न उठता सलग किती वेळ बसता, ते बघा. एकूण तास नोकरी ठरवते. सलगपणा मोडणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

बसल्यावर शरीरात काय थांबतं

आपण बसलो की मांड्या, नितंब आणि पोटऱ्या यांचे मोठे स्नायू जवळजवळ निपचित होतात. हे स्नायू काम करत असताना रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना पूर्णपणे इन्सुलिनवर अवलंबून राहावं लागत नाही. त्यांचं काम थांबलं की जेवणानंतर वाढलेली साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. रक्तातली चरबी वापरात आणणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) स्नायूंतही काम करतं. हालचाल थांबली की तेही मंदावतं. पोटऱ्यांकडे आणखी एक जबाबदारी आहे. प्रत्येक पावलागणिक त्या पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. दिवसभर पाय खाली सोडून बसलेल्या माणसाच्या पायावर संध्याकाळी मोज्याची खोल खूण उमटते, बायकांच्या चपलेचा पट्टा रुतायला लागतो, ते यामुळेच.

पाठीचं दुखणं थोडं वेगळं आहे. मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा फारसा नसतो. त्यांच्यावरचा दाब कमी-जास्त होत राहिला की द्रव आत-बाहेर होतो आणि त्यांना पोषण मिळतं. म्हणून एकाच स्थितीत तास-दीड तास बसणं, मग ती स्थिती कितीही ताठ आणि पुस्तकात दाखवल्यासारखी असो, चकत्यांना मानवत नाही. त्यात कमरेपासून मांडीपर्यंत पुढून जाणारा स्नायू आखूड होतो आणि नितंबांचा स्नायू ढिला पडतो. मग खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं माणूस वाकूनच टाकतो.

हे आजचं ज्ञान नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. बस तीच, मार्ग तोच, वेळही तीच. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचा एकत्र अभ्यास आला. त्यात दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा अकाली मृत्यूचा वाढलेला धोका रोज ६० ते ७५ मिनिटं दमदार चालणाऱ्यांत जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. वाचायला बरं वाटतं, पण पाथर्डी फाट्याहून येऊन-जाऊन नोकरी करणाऱ्या आणि घरी स्वयंपाक-मुलांचा अभ्यास बघणाऱ्या बाईने रोज सव्वा तास कुठून काढायचा? म्हणून मला २०२३ मधला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा छोटा प्रयोग जास्त उपयोगाचा वाटतो. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं सावकाश चालल्यावर जेवणानंतरची साखरेची उसळी दिवसभर बसून राहण्याच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी झाली आणि रक्तदाबही चार-पाच अंकांनी उतरला. त्यात फक्त ११ जण होते, त्यामुळे ५८ हा आकडा कोरून ठेवायची गरज नाही. पण दिशा तीच आहे, जी आधीच्या इतर प्रयोगांतही दिसली होती.

पहिली पायरी: तीन दिवस फक्त नोंद करा

काहीही बदलायच्या आधी तीन कामाचे दिवस एका छोट्या वहीत दोन गोष्टी लिहा: कधी बसलात आणि कधी उठलात. मोबाइलमधलं पावलं मोजणारं ॲप इथे अपुरं पडतं. सकाळीच सहा हजार पावलं झालेली असली की ते तुम्हाला शाबासकी देतं आणि दुपारची तीन तासांची बैठक झाकली जाते.

सरकारी कार्यालयाचं उदाहरण घेऊ. पाच दिवसांचा आठवडा २०२० मध्ये आल्यापासून वेळ पावणेदहा ते सव्वासहा. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी वजा केली तर आठ तास. स्कूटरवर जाता-येता एक तास, तोही बसूनच. तिन्ही वेळचं खाणं मिळून सव्वा तास. रात्री टीव्ही आणि मोबाइल दोन तास. झाले सव्वाबारा तास. ही बेरीज पाहून लोक हबकतात, पण मी त्यांना दुसऱ्याच आकड्याखाली रेघ मारायला सांगते: सगळ्यांत लांब सलग बैठक किती? बहुतेकांची ती दुपारी अडीच ते पाचच्या दरम्यान सापडते. कलेक्टर ऑफिस असो वा अंबडमधल्या कंपनीचं अकाउंट्स, मार्च एंडला तर ती तीन-साडेतीन तासांवर जाते.

नोंद करताना आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. पूर्वी उठायची जी कारणं होती ती एकेक करून गेली आहेत. ई-ऑफिस आल्यापासून नस्ती स्क्रीनवरूनच पुढच्या टेबलावर जाते. शेजारच्या शाखेत विचारायचं ते व्हॉट्सॲपवर विचारलं जातं. पाणी शिपाई मामा आणून ठेवतात, चहाही जागेवर येतो. हुद्दा जितका मोठा तितकी उठायची कारणं कमी. मोठ्या साहेबांनी ही वही जरूर भरावी.

दुसरी पायरी: अर्ध्या तासाला बैठक तोडा

लक्ष्य सोपं ठेवा. अर्ध्या तासाहून जास्त सलग बसायचं नाही, आणि उठल्यावर निदान दोन-तीन मिनिटं पाय हलवायचे. पाच मिनिटं मिळाली तर उत्तम. सुरुवातीला अर्धा तास जमत नसेल तर पाऊण तासावर या, पण तिथे अडकू नका.

मोबाइलचा अलार्म लावून हे जमत नाही. आठवड्याच्या आत हात आपोआप तो बंद करायला शिकतो. त्यापेक्षा उठणं एखाद्या कामालाच बांधून टाका, म्हणजे आठवण ठेवावी लागत नाही. मला ज्या गोष्टी टिकताना दिसल्या त्या सांगते.

लिटरभराची बाटली टेबलावर ठेवू नका. छोटा पेला ठेवा आणि तो संपला की स्वतः भरायला उठा. मामांना प्रेमाने सांगा, "मामा, आजपासून पाणी मी घेईन." प्रत्येक फोन उभं राहून घ्या. दिवसात पंधरा फोन येत असतील तर पंधरा वेळा उठणं झालं. ज्या सहकाऱ्याचं टेबल त्याच मजल्यावर आहे त्याला मेसेज न करता जाऊन विचारा. कंपन्यांच्या ऑफिसांत तर हे फार सोपं आहे: स्टोअर किंवा शॉप फ्लोअरला फोन करण्याऐवजी चालत जा, प्रश्नही लवकर सुटतो. प्रिंटर हाताशी असेल तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या. एक मजला वर-खाली करायचा असेल तर लिफ्टकडे बघूच नका.

दुपारच्या जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं दिवसातली सगळ्यांत मोलाची. पोळी-भाजी-भात खाऊन माणूस थेट खुर्चीत येतो, आणि साखर चढायची वेळ नेमकी तीच असते. डबा टेबलावर खाऊ नका. बाहेर, कॅन्टीनमध्ये, व्हरांड्यात, जिथे चार जण एकत्र बसतात तिथे खा आणि परतताना आवाराची एक-दोन फेरी मारा. शरणपूर रोडवर महापालिकेत असाल किंवा म्हसरूळला आरोग्य विद्यापीठात, आवार असतंच. एप्रिल-मेच्या उन्हात आणि जुलैच्या झडीत लांब पॅसेजमध्ये फेऱ्या मारा. वेग लागत नाही, गप्पा मारत चाललात तरी चालेल. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणानंतर नियमित चालायला लागलोय हे डॉक्टरांना कळवा, कारण काही औषधांत साखर जास्त खाली जाऊ शकते.

काही कामांत उठताच येत नाही. बँकेचा कॅश काउंटर, सेतू केंद्रातला ऑपरेटर, तिकीट खिडकी, हेडफोन लावून ग्राहकांशी बोलणारी मुलं. समोर रांग आहे, उठून कसं चालेल? इथे दोन गोष्टी करा. बसल्या जागी दर दहा-पंधरा मिनिटांनी टाचा वीस वेळा उचला, पावलं पुढे-मागे करा आणि दोन ग्राहकांच्या मध्ये पाच सेकंद उभे राहून कंबर मागे ताणा. ही तात्पुरती मलमपट्टी आहे. खरा उपाय सहकाऱ्याशी आळीपाळीने काम बदलण्याचा आहे, त्याबद्दल पुढे.

तिसरी पायरी: खुर्ची-टेबल पायांपासून वर बसवत या

लोक सुरुवात स्क्रीनपासून करतात. ती पावलांपासून करा, नाहीतर वरचं सगळं पुन्हा हलतं.

पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. आपल्याकडची टेबलं साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतात. पाच फूट उंचीची बाई हात टेबलाच्या उंचीला आणायला खुर्ची वर करते आणि तिचे पाय लोंबकळतात. लोंबकळणाऱ्या पायांमुळे मांडीखाली दाब येतो, मग ती खुर्चीच्या कडेवर सरकते आणि पाठ टेकायची राहून जाते. कंबरदुखी घेऊन येणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांत मला हे एकच कारण वारंवार दिसतं. उपाय फुकट आहे: पाचशे पानांचा ए-फोर कागदाचा न फोडलेला गठ्ठा साधारण पाच सेंटीमीटर जाड असतो. असे दोन गठ्ठे चिकटपट्टीने बांधून पायांखाली घ्या.

पावलं टेकली की गुडघे आणि खुबे साधारण एका पातळीत आणा, खुबे किंचित वर असले तर छान. मागे सरकून पाठ टेका. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटांची जागा हवी. नसेल तर खुर्ची तुमच्यासाठी खोल आहे, पाठीमागे उशी घ्या. कमरेच्या खोलगट भागाला आधार म्हणून हजार रुपयांची उशी विकत घ्यायची गरज नाही. अनेक ऑफिसांत खुर्चीच्या पाठीवर टर्किश टॉवेल टाकलेला असतो. तोच गुंडाळून, रबर लावून कमरेशी ठेवा. जाडी मुठीपेक्षा कमी हवी, जास्त झाली तर कंबर पुढे ढकलली जाते. पुरुषांनी पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. वर्षानुवर्षं एका नितंबाखाली जाड पाकीट घेऊन बसल्याने पायात मुंग्या येणारे लोक मी पाहिलेत, आणि पाकीट जागेवरून हलवल्यावर बरे झालेलेही पाहिलेत.

मग हात. खांदे सैल सोडल्यावर कोपर ज्या उंचीला येईल त्याच उंचीला कीबोर्ड हवा. माउस कीबोर्डला चिकटून ठेवा. तो लांब असला की उजवा खांदा दिवसभर पुढे ताणलेला राहतो. फोन मान आणि खांद्यात धरून टाइप करणं आजच बंद करा.

शेवटी स्क्रीन. वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा जराशी खाली, अंतर हातभर. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करून मान आखडते. चाळिशी ओलांडलेल्यांची मानदुखी कित्येकदा एवढ्यानेच उतरते. लॅपटॉपवर आठ तास काम असेल तर वेगळा कीबोर्ड-माउस मागून घ्या आणि लॅपटॉप जुन्या रजिस्टरांवर ठेवून उंच करा. खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा तुमच्या पाठीमागे नको, बाजूला असावी. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सहा मीटरपेक्षा लांबचं काही बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा.

एवढं सगळं करून एक सांगते: खुर्चीवर जितका खर्च आणि चर्चा होते तितकी ती महत्त्वाची नाही. तीस हजारांच्या खुर्चीत तीन तास न हलणाऱ्यापेक्षा लाकडी खुर्चीतून वीस मिनिटांनी उठणाऱ्याची पाठ मला जास्त बरी आढळते. वरची मांडणी एकदा तासाभरात उरका आणि पुन्हा दुसऱ्या पायरीकडे वळा.

चौथी पायरी: टेबलाशेजारी करायचे व्यायाम

साडीत, फॉर्मल कपड्यांत, चारचौघांत संकोच न वाटता होतील असेच निवडले आहेत. सकाळी एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा पुरे.

खुर्चीतून हात न टेकता उठा आणि सावकाश बसा, दहा वेळा. मांड्या-नितंबांना जाग आणणारा याच्याइतका चांगला व्यायाम ऑफिसात दुसरा नाही. गुडघे दुखत असतील तर हाताचा आधार घ्या किंवा खुर्ची थोडी उंच करा. त्यानंतर टेबल धरून टाचा उचला, वीस वेळा. मग एक पाय पुढे, एक मागे असे उभे राहा, मागचा गुडघा सरळ ठेवून कंबर हळूच पुढे न्या. मागच्या मांडीला पुढून ताण जाणवेल. वीस सेकंद थांबा, पाय बदला. आखूड झालेला तो स्नायू हाच.

दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती हळूच पुढे न्या. हनुवटी आत ओढा, म्हणजे डोकं मागे सरकवा, खाली न वाकवता. पाच-पाच सेकंद, दहा वेळा. खांद्यांची पाती मागे जवळ आणा. दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाका, पाच वेळा. मान गोल-गोल गरगर फिरवण्याची अनेकांना सवय असते. ती सोडा. डावीकडे, उजवीकडे आणि कान एकेका खांद्याकडे असं स्वतंत्र आणि सावकाश वळवणं पुरेसं आहे. कुठल्याही व्यायामात हातापायात कळ गेली किंवा मुंग्या वाढल्या तर तिथेच थांबा.

पाचवी पायरी: ऑफिसनेच बदलायच्या गोष्टी

इथवरचं सगळं एकट्याने करता येतं. पण बैठक न मोडण्याचं सगळ्यांत मोठं कारण शरीरात नसून ऑफिसच्या नजरेत आहे. जागेवर दिसतो तो काम करतो, ही समजूत. दोनदा उठलं की "काय, आज काम नाही वाटतं?" असं ऐकावं लागतं. नवीन लागलेली मुलं तर या भीतीने लघवीलासुद्धा उठत नाहीत. शाखाप्रमुख, विभागप्रमुख, मॅनेजर यांना माझी कळकळीची विनंती आहे की आधी तुम्ही उठा. साहेब स्वतः पेला घेऊन पाण्याला गेले, जेवणानंतर आवारात फेरी मारू लागले की इतरांना वेगळी परवानगी लागत नाही.

पंधरा मिनिटांत संपणारी मीटिंग उभ्याने घ्या. तासाभराची असेल तर मध्यावर दोन मिनिटं सगळ्यांना उठवा. काउंटरवर दोघांची जोडी करून दर तास-दीड तासाने एकाला मागच्या, हिंडण्या-फिरण्याच्या कामावर पाठवा: टपाल, रेकॉर्ड रूम, आवक-जावक. कचऱ्याची टोपली प्रत्येक टेबलाखाली न ठेवता खोलीत एकच ठेवा. या बदलांना निविदा लागत नाही.

एका विषयावर सहसा कोणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. महिलांसाठी स्वच्छतागृह नसेल, असलेलं अस्वच्छ असेल किंवा किल्ली शिपायाकडे मागावी लागत असेल, तर बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाणी नाही म्हणजे उठायचं कारण नाही, म्हणजे सकाळी बसलेली बाई जेवायलाच उठते. वर मूत्रमार्गाचा संसर्ग, डोकेदुखी आणि बद्धकोष्ठता. त्यांना "जास्त पाणी प्या, मधूनमधून उठा" असा सल्ला देऊन काही होत नाही. ऑफिसला आरोग्यासाठी एकच खर्च करायचा असेल तर उंच-खाली होणारी टेबलं घ्यायच्या आधी कडी लागणारं, पाणी असलेलं, दिवसातून दोनदा साफ होणारं स्वच्छतागृह द्या. एवढ्यावर बैठकीच्या वेळेत जो फरक पडतो तो कुठल्याही योग शिबिराने पडत नाही.

उभं राहणं हा उतारा नव्हे

काही कंपन्यांत उभ्याने काम करायची टेबलं आली आहेत. मिळत असेल तर वापरा, पण दिवसभर उभे राहू नका. उभं राहिल्याने बसण्यापेक्षा तासाला जेमतेम आठ-दहा कॅलरी जास्त खर्च होतात. एका जागी तासन्‌तास उभं राहिल्याने पाय सुजतात, शिरा फुगतात, टाचा दुखतात. मेन रोड, एमजी रोडच्या दुकानांत दिवसभर उभ्या असलेल्या मुलींना विचारा. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायची सोय देणं कायद्यानेच बंधनकारक केलं, ते याच त्रासामुळे. शरीराला हवा आहे तो बदल. अर्धा तास बसा, दहा मिनिटं उभे राहा, दोन-तीन मिनिटं चाला, पुन्हा बसा.

ऑफिसच्या बाहेरची बैठक

नाशिकहून मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने रोज ये-जा करणाऱ्यांची बैठक सगळ्यांत कठीण. एका बाजूला साधारण साडेतीन तास, मग ऑफिस, मग पुन्हा तेवढंच. त्यांनी इगतपुरी, कल्याण अशी मोठी स्टेशनं उठायची ठिकाणं म्हणून ठरवून घ्यावीत. गाडी थांबली की उठून डब्यात एक फेरी मारायची, टाचा उचलायच्या. खिडकीच्या जागेपेक्षा कडेची जागा घ्या, उठताना कोणाला हलवावं लागत नाही.

सिटीलिंक बसने जाणाऱ्यांनी एक थांबा आधी उतरून चालत जावं. स्कूटरवाल्यांनी गाडी गेटपाशीच लावायचा हट्ट सोडावा. घरी आल्यावर सोफ्यावर बसून मालिका बघताना जाहिराती लागल्या की उठा. गुडघ्यांचा त्रास नसेल तर एक वेळचं जेवण तरी खाली मांडी घालून घ्या. जमिनीवर बसताना-उठताना खुबे, गुडघे, घोटे सगळेच पूर्ण वाकतात, आणि ही ताकद खुर्चीत कधीच वापरली जात नाही.

आठवड्याचा व्यायाम वेगळा लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार हालचाल, आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम हवेत. नाशिककरांना यासाठी लांब जायची गरज नाही. सोमेश्वरच्या बाजूचा गोदाकाठ आहे, मैदानं आहेत. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढलात तर चालणं आणि मांड्यांची ताकद दोन्ही एकदम होतं. ताकदीचे दोन दिवस मात्र बहुतेक जण वगळतात. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात, त्यामुळे फक्त चालण्यावर भागत नाही.

कधी डॉक्टरांकडे जायचं

बसून आलेली साधी कंबरदुखी किंवा मानदुखी वरच्या बदलांनी दोन ते सहा आठवड्यांत उतरते. पण काही खुणा दिसल्या तर व्यायाम करत बसू नका. कंबरदुखीसोबत पायातली ताकद कमी होणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं: त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एकच पोटरी सुजून दुखणं, गरम लागणं हे शिरेत रक्त गोठल्याचं लक्षण असू शकतं. लांबच्या प्रवासानंतर तर विशेष जपा. ती पोटरी चोळू नका. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक दम लागणं याला गॅस समजून थांबू नका. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यांचीही तपासणी लवकर करा.

तिशी ओलांडलेल्या आणि बैठं काम असणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि कमरेचा घेर तपासावा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि जवळपास १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावर असताना बैठक मोडण्याचा फायदा सगळ्यांत जास्त होतो. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टर व्यायामाबद्दल विचारतील. त्यांना सकाळच्या फेरीबरोबर हेही आपणहून सांगा, की दिवसात तुमची सगळ्यांत लांब सलग बैठक किती मिनिटांची असते.